रात्री बारा वाजून सोळा मिनिटांनी

विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर? हा विचारसुद्धा आपल्याला नको वाटतो. पण ज्या विमानाला मुळात इंजिनच नाही, त्यात बसून शत्रूच्या मुलखात उतरायचं, तेही रात्री, दिवे न लावता, धावपट्टी नसलेल्या एखाद्या शेतात! दुसऱ्या महायुद्धात हे काम हजारो तरुणांनी केलं. त्यातल्या काहींनी ते जिथे सर्वात अचूक केलं, ती जागा फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात आहे. एक कालवा, एक पूल, पुलाच्या टोकाला विटांचं एक छोटं कॅफे. गावाचं नाव बेनूव्हिल आणि पुलाचं नाव पेगॅसस ब्रिज.

पॅरिसच्या सेंट लाझार स्टेशनवरून काँ शहराला जाणारी गाडी पकडली की सुमारे दोन तासांत आपण नॉर्मंडीत असतो. वाटेत सफरचंदाच्या बागा, चरणाऱ्या गाई, दगडी चर्चचे मनोरे. काँहून समुद्राकडे एक सरळसोट कालवा जातो. लांबी जेमतेम चौदा किलोमीटर. या कालव्याच्या काठाकाठानं बस जाते आणि ज्यांच्या पायांत दम आहे त्यांच्यासाठी सायकलचा रस्ताही आहे. दोन्ही बाजूंना झाडं, पाण्यात बोटी, मासे पकडत तासन् तास बसलेले म्हातारे. इथे कधी काळी बंदुका धडाडल्या असतील असं सांगूनही खरं वाटत नाही.

शहर सोडून आठ-दहा किलोमीटर गेलं की तो पूल दिसतो. आज आपण ज्यावरून जातो तो पूल १९९४ सालचा आहे. जुना पूल १९३४ साली बांधला होता. मोठ्या गाड्यांसाठी तो अपुरा पडू लागला म्हणून काढला, पण भंगारात घातला नाही. तो शेजारच्याच संग्रहालयाच्या आवारात हिरवळीवर आणून ठेवला आहे. नवा पूलही मुद्दाम जुन्याच घडणीचा केला. जहाज आलं की हा पूल मधून उघडत नाही, तर एका बाजूनं अख्खा वर उचलला जातो. रस्त्याच्या डोक्यावर एक अवजड वजन बसवलेलं असतं. ते एका अंगाला कललं की पुलाचं दुसरं टोक वर येतं. कोकणातल्या जुन्या विहिरींवरची पाणी काढायची लाट ज्यांनी पाहिली असेल त्यांना ही युक्ती चटकन कळेल.

या पुलासाठी एवढा जीव का टाकला गेला? नकाशा डोळ्यांसमोर आणा. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणार होत्या. त्यांची सर्वात पूर्वेकडची बाजू म्हणजे हा परिसर. इथे कालवा आणि ओर्न नदी एकमेकांना समांतर वाहतात, मध्ये जेमतेम चार-पाचशे मीटरची पट्टी. कालव्यावर एक पूल आणि नदीवर दुसरा. समुद्र आणि काँ शहर यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम जाणारा महत्त्वाचा रस्ता या दोन पुलांवरूनच जात होता. जर्मन रणगाड्यांना पूर्वेकडून किनाऱ्यावर धाव घ्यायची तर हेच पूल ओलांडावे लागणार. मग पूल उडवून का टाकले नाहीत? कारण ब्रिटिशांचं एक संपूर्ण हवाई डिव्हिजन त्याच रात्री नदीच्या पलीकडे उतरणार होतं. पूल उडाले असते तर हे हजारो जवान पलीकडे अडकून पडले असते. थोडक्यात, पूल ताब्यात हवे होते आणि शाबूत हवे होते. जर्मनांनी ते उडवण्याची तयारी करून ठेवलेली. म्हणजे पहारेकऱ्यांनी बटण दाबायच्या आत सारं उरकायला हवं.

छत्रीधारी सैनिक हे काम करू शकले नसते. छत्रीनं उतरणारे जवान वाऱ्याबरोबर पांगतात. एकमेकांना शोधून, गोळा होऊन चाल करायला त्यांना तास-दोन तास लागतात. ग्लायडरचं तसं नाही. ते आवाज न करता येतं आणि अठ्ठावीस माणसं, त्यांच्या हत्यारांसकट, एकाच जागी आणून टाकतं. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल रिचर्ड गेल यांनी म्हणूनच ठरवलं, की पुलांच्या अगदी दारात ग्लायडर उतरवायची. सहा ग्लायडर, प्रत्येक पुलाला तीन.

आता या ग्लायडरविषयी थोडं. संग्रहालयाच्या आवारात त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी आहे. जवळ जाऊन पाहिल्यावर पहिली प्रतिक्रिया होते ती ‘अरे, हे एवढं मोठं?’ अशी. नाव हॉर्सा. पंख्यांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत ८८ फूट, लांबी ६७ फूट. आणि सगळं लाकडाचं, प्लायवुडचं! इंग्लंडमध्ये धातूची टंचाई होती आणि विमानांचे कारखाने लढाऊ विमानांच्या कामात बुडालेले. तेव्हा हॉर्साचे भाग तयार करण्याचं काम फर्निचरवाल्यांकडे गेलं. काल-परवापर्यंत कपाटं आणि पलंग करणारे सुतार विमानं करू लागले. आत दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. ओढून नेणाऱ्या विमानाच्या मागे दोराला बांधलेलं हे धूड हवेत असं काही हेलकावे खाई की ओकारी न झालेला जवान विरळा. आणि हे सगळं एकदाच वापरण्यासाठी. उतरताना ते मोडणार हे गृहीतच धरलेलं असे.

ते चालवणारे कोण? ब्रिटिशांनी १९४२ मध्ये ग्लायडर पायलट रेजिमेंट उभी केली. हे वैमानिक हवाई दलाचे नव्हते, ते भूदलाचे शिपाई होते. स्वतःहून नाव दिलेले, बहुतेक सार्जंट किंवा स्टाफ सार्जंट. हवाई दलानं त्यांना उडायला शिकवलं आणि भूदलानं लढायला. कारण उघड आहे. इतर वैमानिक कामगिरी संपवून घरी परततो. ग्लायडरच्या वैमानिकाला परतीचं विमानच नसतं. उतरल्या क्षणी तो पायदळाचा जवान होतो आणि ज्यांना घेऊन आला त्यांच्या शेजारी उभा राहून लढतो. रेजिमेंटचे प्रमुख जॉर्ज चॅटर्टन यांचा आग्रह असे, की आपल्या माणसाला रायफल, मशीनगन, जीप, सगळं चालवता आलं पाहिजे. अमेरिकन सैन्यात असं नव्हतं. तिथला ग्लायडर वैमानिक उतरल्यावर शक्य तितक्या लवकर मागे पाठवला जाई. मला विचाराल तर ब्रिटिशांची पद्धत जास्त कठोर होती आणि जास्त शहाणपणाचीही.

या कामात दुसरी संधी नाही, ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. साध्या विमानाचा अंदाज चुकला तर वैमानिक इंजिनचा जोर वाढवून पुन्हा वर जातो, एक घिरटी घालून परत येतो. ग्लायडर खाली यायला लागलं की खालीच येणार. उंची फार झाली तर पूल मागे राहील, कमी पडली तर अलीकडेच आपटेल. मध्ये झाड आलं तर झाड, भिंत आली तर भिंत.

याची किंमत ब्रिटिशांनी अकराच महिने आधी मोजली होती. जुलै १९४३ मध्ये सिसिली बेटावर अशीच चढाई झाली. तिथलंही पहिलं लक्ष्य एक पूलच होता. सोसाट्याचा वारा, अंधार, जमिनीवरून तोफांचा मारा, आणि ओढून नेणाऱ्या विमानांच्या वैमानिकांना या कामाचा सराव नाही. अनेकांनी किनाऱ्यापासून फार दूरवरच ग्लायडर सोडून दिली. सुमारे १४४ पैकी साठहून अधिक ग्लायडर समुद्रात पडली. अडीचशेच्या आसपास जवान शत्रूचं तोंडही न पाहता बुडून मेले. खुद्द चॅटर्टन यांचं ग्लायडर पाण्यात उतरलं आणि ते पोहत किनाऱ्याला लागले. सिसिलीची ही कहाणी बेनूव्हिलच्या संग्रहालयात पाहुण्यांना फारशी सांगितली जात नाही. विजयाच्या जागी ती कोण सांगणार म्हणा. पण बेनूव्हिलची अचूकता कुठून आली ते तिच्याशिवाय कळत नाही.

या वेळी कसलीच कसर ठेवायची नाही असं ठरलं. निवडलेल्या वैमानिकांनी महिनोन्‌महिने सराव केला. आधी दिवसा झाडांच्या दोन राईंमधल्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत ग्लायडर उतरवायची. मग दिवसाच, पण डोळ्यांना काळे चष्मे लावून, म्हणजे रात्रीसारखं दिसावं. आणि शेवटी खऱ्याखुऱ्या रात्री. वैमानिक समोर पाहून चालवणार, शेजारचा सहवैमानिक मांडीवर नकाशा, हातात स्टॉपवॉच घेऊन सेकंद मोजणार. इतके सेकंद या दिशेनं, मग काटकोनात वळण, मग इतके सेकंद त्या दिशेनं. बस्स, हीच त्यांची वाट! बेनूव्हिलच्या परिसराची हुबेहूब प्रतिकृती तयार केली होती. पूल, झाडं, घरं, खंदक सगळं त्यात होतं. हेरगिरीच्या फोटोंवरून ती रोज सुधारली जाई. पायदळाचे जवानही मागे नव्हते. इंग्लंडमध्ये एक्झिटर शहराजवळ असेच शेजारी शेजारी दोन पूल आहेत. तिथे त्यांनी दिवसरात्र हल्ल्याची तालीम केली.

या जवानांचा नायक होता मेजर जॉन हॉवर्ड. गरीब घरातला, आधी शिपाई, मग पोलीस, युद्ध सुरू झाल्यावर पुन्हा सैन्यात. ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फन्ट्री या लांबलचक नावाच्या पलटणीची ‘डी’ कंपनी त्याच्याकडे होती. वैमानिक धरून एकूण १८१ माणसं.

५ जूनच्या रात्री, अकराला चार मिनिटं कमी असताना, इंग्लंडमधल्या टॅरंट रश्टन तळावरून पहिलं ग्लायडर हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमानाच्या मागे बांधून निघालं. वैमानिक स्टाफ सार्जंट जिम वॉलवर्क, सहवैमानिक जॉन एन्सवर्थ. मागे बाकावर हॉवर्ड. जवान गाणी म्हणत होते. फ्रान्सचा किनारा ओलांडल्यावर, मध्यरात्र उलटून सातव्या मिनिटाला, दोर सुटला. एकदम शांतता. ओढून आणणारी विमानं तशीच पुढे काँवर बॉम्ब टाकायला गेली, म्हणजे खालच्या जर्मनांना वाटावं हा नेहमीचाच बॉम्बहल्ला. इकडे ग्लायडरमध्ये गाणी थांबली होती. एन्सवर्थ सेकंद मोजत होता. दुसऱ्या वळणानंतर ढगांतून चंद्र डोकावला आणि वॉलवर्कला खाली कालवा दिसला. पूल दिसला. मॉडेलमध्ये होता अगदी तसा.

जवानांनी एकमेकांच्या हातांत हात गुंतवले, पाय वर उचलले. नव्वद मैलांच्या आसपास वेगानं ते लाकडी धूड शेतात आदळलं, चाकं निखळली, घसरत, ठिणग्या उडवत ते तारांच्या कुंपणात नाक खुपसून थांबलं. हॉवर्डनं तसंच सांगून ठेवलं होतं, की जमलं तर नाकानं कुंपण तोड! पुलापासून अंतर अवघं ४७ यार्ड. धक्क्यानं वॉलवर्क आणि एन्सवर्थ समोरची काच फोडून बाहेर फेकले गेले. दोस्तांच्या चढाईत फ्रान्सच्या मातीला लागलेल्या पहिल्या काही माणसांत या दोघांचं नाव घेतलं जातं, ते असं. हॉवर्डला वाटलं आपण आंधळे झालो. मग लक्षात आलं, की डोकं छताला आपटून हेल्मेट डोळ्यांवर आलं आहे. त्याचं घड्याळ त्याच क्षणी बंद पडलं. त्यात बारा वाजून सोळा मिनिटं झाली होती.

पुलावर पहारा देणाऱ्या तरुण जर्मन शिपायानं हा आवाज ऐकला. त्याला वाटलं, मार खाल्लेल्या एखाद्या बॉम्बफेकी विमानाचा तुकडा पडला असावा. रोजचंच होतं ते! एवढा गैरसमज पुरेसा झाला. मिनिटा-मिनिटाच्या अंतरानं दुसरं आणि तिसरं ग्लायडरही त्याच शेतात येऊन आदळलं. पहिल्या तुकडीचा लेफ्टनंट डेन ब्रॉदरिज आपल्या माणसांना घेऊन पुलावरून धावत सुटला. पलीकडच्या टोकाला पोचला, हातबॉम्ब टाकला, आणि त्याच वेळी मशीनगनची गोळी त्याच्या मानेत शिरली. त्या दिवशी शत्रूच्या गोळीला बळी पडलेला दोस्तांचा पहिला सैनिक म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. तिसरं ग्लायडर एका डबक्याच्या काठावर मोडून पडलं. त्यातला एक जवान, लान्स कॉर्पोरल फ्रेड ग्रीनहाल्ज, पाण्यात बुडून गेला.

दहा मिनिटांत पूल ताब्यात आला. सुरुंगाची दारू पुलाला लावलेलीच नव्हती, ती जवळच्या एका ठिकाणी ठेवलेली सापडली. नदीवरच्या पुलावर तर फारसा प्रतिकारच झाला नाही. तिथे जाणाऱ्या तीन ग्लायडरपैकी दोन पोचली. तिसरं मात्र बारा-तेरा किलोमीटर दूर, भलत्याच नदीच्या भलत्याच पुलाजवळ उतरलं. त्या बहाद्दरांनी तोही पूल घेतला! मग चूक लक्षात आल्यावर जर्मन मुलखातून चालत आपल्या माणसांकडे निघाले.

यश मिळाल्याची खूण म्हणून बिनतारी यंत्रावरून दोन शब्द पाठवायचे होते. कालव्याच्या पुलासाठी ‘हॅम’ आणि नदीच्या पुलासाठी ‘जॅम’. संदेश पाठवणारा जवान रात्रभर ‘हॅम अँड जॅम’ असा घोष करत राहिला, पण पलीकडून लवकर उत्तरच येईना. आपल्याकडची पलटण असती तर बहुधा ‘पोहे आणि चहा’ असा परवलीचा शब्द ठरला असता.

वॉलवर्कचं पुढे काय झालं? कपाळ फुटलं होतं, रक्तानं चेहरा माखला होता, एक डोळा गेला असंच त्याला वाटत होतं. त्या अवस्थेत तो मोडक्या ग्लायडरमधून दारूगोळ्याच्या पेट्या काढून पुलाकडे पोचवत राहिला. तिसऱ्या ग्लायडरचा वैमानिक जेफ्री बार्कवे जखमी झाला आणि पुढे त्याला एक हात गमवावा लागला. शेतात आज तीन ठिकाणी छोटे स्तंभ उभे आहेत. प्रत्येक ग्लायडर नेमकं जिथे थांबलं, तिथे. त्यावर वैमानिकांची आणि आत बसलेल्या जवानांची नावं कोरली आहेत. पहिल्या स्तंभापाशी उभं राहून पुलाकडे पाहावं. मोठ्यानं बोललं तर पलीकडे ऐकू जाईल इतकं ते अंतर आहे. पुस्तकात ४७ यार्ड हा नुसता आकडा असतो. इथे उभं राहिल्यावर, सहा हजार फुटांवरून अंधारात सेकंद मोजत आलेला माणूस इथे थांबला, हे मनाला पटायला वेळ लागतो. जवळच हॉवर्डचा अर्धपुतळा पुलाकडे तोंड करून उभा आहे.

रात्री पूल घेणं हे अर्धं काम होतं. तो टिकवणं हे उरलेलं अर्धं. जर्मन रणगाडे चालून आले तेव्हा सार्जंट थॉर्नटन नावाच्या एका माणसानं रणगाडाविरोधी हत्याराचा एकच गोळा अचूक मारून पुढचा रणगाडा पेटवला. त्यातला दारूगोळा बराच वेळ फुटत राहिला आणि मागचे माघारी फिरले. सकाळी एका जर्मन विमानानं पुलावर बॉम्ब टाकला. तो वजनाच्या लोखंडी पेटीवर आदळून, न फुटताच कालव्यात पडला. आवारातल्या जुन्या पुलावर त्याचा पोचा आजही दाखवतात. दुपारी एकच्या सुमारास दूरवरून बॅगपाइपचे सूर ऐकू आले. किनाऱ्यावर उतरलेले लॉर्ड लोव्हॅटचे कमांडो येत होते आणि त्यांच्याबरोबर बिल मिलिन हा वादक पाइप वाजवत होता!

१९६२ सालचा ‘द लाँगेस्ट डे’ हा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हा प्रसंग आठवेल. त्यात हॉवर्डची भूमिका केली आहे रिचर्ड टॉड या नटानं. गंमत म्हणजे हा टॉड त्या रात्री खरोखरच छत्रीनं तिथे उतरला होता आणि हॉवर्डच्या मदतीला धावलेल्या पलटणीत अधिकारी म्हणून त्याच पुलावर लढला होता. सिनेमात मात्र तो दुसऱ्याचा वेष घालून वावरला.

पुलाच्या पश्चिम टोकाला ते कॅफे आहे, कॅफे गोंद्रे. जॉर्ज आणि तेरेझ गोंद्रे हे नवरा-बायको आणि त्यांच्या लहान मुली त्या रात्री याच घरात होत्या. तेरेझ अल्सास प्रांतातली, तिला जर्मन समजत असे. जॉर्जला इंग्रजी समजे. गिऱ्हाईक म्हणून येणारे जर्मन शिपाई आपापसांत जे बोलत ते तेरेझ मुकाट ऐके, आणि तिथून ते मादाम व्हियों यांच्यापर्यंत पोचे. या बाई म्हणजे बेनूव्हिलच्या भव्य वाड्यात चालणाऱ्या प्रसूतिगृहाच्या प्रमुख. औषधांच्या कामासाठी त्यांचं काँला जाणं-येणं असे, त्यामुळे कुणाला संशय येत नसे. पुलाच्या पहाऱ्याची बरीच माहिती अशी कॅफेतल्या टेबलांवरून आणि बाळंतिणींच्या खोल्यांमधून इंग्लंडला पोचली होती. युद्धाच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी बंदूकवाल्यांबद्दल बोलतो. या दोन बायकांनी जे केलं त्यात पकडलं जाण्याची भीती रोजची होती, एका रात्रीची नव्हती.

पहाटे इंग्रज जवानांनी दार ठोठावलं तेव्हा गोंद्रे कुटुंब तळघरात होतं. हे आपलेच आहेत अशी खात्री पटल्यावर तेरेझनं काजळी फासलेल्या त्या जवानांना मिठ्या मारल्या, गालांचे मुके घेतले, आणि स्वतःचा चेहराही काळा करून घेतला. ती काळिमा तिनं म्हणे पुढे कितीतरी वेळ धुतलीच नाही. जॉर्ज कुदळ घेऊन बागेत गेला. जर्मन आले तेव्हा, १९४० साली, त्यानं तिथे शॅम्पेनच्या जवळजवळ शंभर बाटल्या पुरून ठेवल्या होत्या! कॅफेतच जखमींसाठी मदत केंद्र उघडलं आणि अंगावर साधा ओरखडा असलेल्यांनाही तिकडे जाण्याची घाई झाली. हॉवर्ड पुढे वर्षानुवर्षं ५ जूनच्या रात्री इथे येत राहिला. तो १९९९ मध्ये गेला, वॉलवर्क २०१३ मध्ये कॅनडात. कॅफे अजून गोंद्रे कुटुंबाकडेच आहे. भिंतींवर फोटो, बिल्ले, टोप्या इतक्या दाटीनं लावल्या आहेत की रंग दिसत नाही.

पेगॅसस हे नाव कुठून आलं? ग्रीक पुराणातला पंख असलेला घोडा म्हणजे पेगॅसस. ब्रिटिश हवाई सैनिकांच्या बाहीवर तो घोडा आणि त्याच्यावर बसलेला भालाधारी स्वार असे. हे चिन्ह भारतीय छत्रीधारी सैन्यानंही मिरवलं आहे. आपली ५० वी पॅराशूट ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत उभी राहिली. मात्र मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला तिला जमिनीवरूनच जपान्यांशी झुंजावं लागलं. त्या लढाईत तिच्या खांद्याला खांदा लावून मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटणही लढली.

ग्लायडरशी तर आपल्या भूमीचा थेट संबंध आहे. नॉर्मंडीच्या तीन महिने आधी, ५ मार्च १९४४ च्या संध्याकाळी, आसामच्या काचार भागातल्या लालाघाट तळावरून साठहून अधिक अमेरिकन ग्लायडर ब्रह्मदेशाकडे निघाली होती. जनरल विंगेटच्या चिंडिट फौजेला जपान्यांच्या पिछाडीला जंगलात उतरवायचं होतं. उतरायच्या जागांना नावं दिली होती ब्रॉडवे, पिकॅडिली आणि चौरंगी, म्हणजे न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता! निघायला काही मिनिटं असताना ताजे फोटो आले आणि पिकॅडिलीवर ओंडके पसरलेले दिसले. सगळा बेत उभ्या उभ्या बदलावा लागला. डोंगर ओलांडताना दोर तुटले, ब्रॉडवेवर निम्म्याच्या आसपासच ग्लायडर पोचली, गवतात लपलेल्या खड्ड्यांत अडकून एकावर एक आदळली. तरी एका दिवसात तिथे धावपट्टी तयार झाली आणि आठवड्याभरात नऊ हजारांवर माणसं आणि हजाराहून अधिक खेचरं विमानानं उतरवली गेली. त्या पहिल्या ग्लायडरच्या वैमानिकांत एक ओळखीचा चेहरा होता. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’ मधला तो केविलवाणा पोरगा आठवतो? तोच, जॅकी कूगन. बेनूव्हिलला स्तंभ आहेत, संग्रहालय आहे, कॅफे आहे. लालाघाटचं नाव मात्र आपल्याकडे किती जणांनी ऐकलं असेल?

महायुद्धाबरोबरच ग्लायडरचा जमाना संपला. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या आर्नेमच्या लढाईत ब्रिटिशांचे सव्वादोनशेहून अधिक ग्लायडर वैमानिक मारले गेले. रेजिमेंट इतकी रोडावली की पुढच्या मार्चमध्ये ऱ्हाइन नदी ओलांडताना हवाई दलाचे वैमानिक उसने घ्यावे लागले. मग हेलिकॉप्टर आलं आणि १९५७ मध्ये ही रेजिमेंट बरखास्त झाली. पण पूल शाबूत ठेवून तो आकाशातून धरायचा ही कल्पना टिकली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ भारताची २ पॅरा ही मराठा पलटण छत्र्यांनी उतरली ती पुंगलीच्या पुलासाठीच. आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवरून लढत येऊन त्यांना भेटली ती १ मराठा लाइट इन्फन्ट्री. त्या भेटीत बॅगपाइप नव्हते, पण भाषा एकच होती!

पेगॅसस ब्रिजला जाणाऱ्यानं नदी ओलांडून पलीकडच्या रांव्हिल गावात जरूर जावं. पायी वीस-पंचवीस मिनिटांची वाट. मधला नदीवरचा पूल आता ‘हॉर्सा ब्रिज’ म्हणून ओळखला जातो. रांव्हिलच्या चर्चचा मनोरा चर्चपासून सुटा, एकटाच उभा आहे. शेजारच्या युद्धस्मशानात दोस्तांचे सव्वादोन हजारांच्या आसपास सैनिक आहेत आणि त्यांच्याच रांगांजवळ तीनशेहून अधिक जर्मनही. पण डेन ब्रॉदरिजची कबर तिथे शोधू नका. ती चर्चच्या आवारात आहे, गावातल्या माणसांच्या कबरींच्या शेजारी. तो गेला तेव्हा २८ वर्षांचा होता. त्याची बायको गरोदर होती. दोन-अडीच आठवड्यांनी तिला मुलगी झाली.

संग्रहालय पाहायला दोन तास पुरतात, रांव्हिल धरलं तर अर्धा दिवस ठेवावा. ५ आणि ६ जूनला मात्र आधी खोली ठरवल्याशिवाय जाऊ नये. काँला परत जाणाऱ्या बसची वेळही आल्या आल्या विचारून घ्यावी.